थोरलीची चिप, धाकटीची चिप

दोघी जावा एकाच प्रयोगशाळेत कामाला. थोरली तिथे अकरा वर्षं होती, धाकटी अवघे सहा महिने. तरी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या तोंडी सारखं धाकटीचंच कौतुक. दोघींनी आपापल्या साच्यातून पारदर्शक रबराची बोटभर चिप ओतली होती. आत केसाहून बारीक वाटा. एका टोकाला डीएनएचा थेंब सोडून वीज लावली, की आखूड रेणू पुढे पळायचे, लांब मागे रेंगाळायचे आणि पडद्यावर त्यांचे वेगवेगळे पट्टे उमटायचे. धाकटीच्या चिपमध्ये सात मिनिटांत पट्टे सुटे व्हायचे. थोरलीच्या चिपमध्ये वळणावर बुडबुडा अडकायचा आणि सगळे रेणू तिथेच घोळ घालून बसायचे.

"चिप बघावी तर हिची!" सर म्हणायचे.

घरी सासूबाईंचंही तेच. "धाकटीच्या हाताला गुणच आहे हो."

थोरली हातातलं भांडं आपटूनच ठेवायची.

एकदा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बघायला पाहुणे येणार होते. "आज दुपारी दोन्ही चिप मी स्वतः चालवून बघतो. चांगली असेल ती दाखवू," सरांनी जाहीर केलं. धाकटी डबा खायला गेली, तशी थोरलीने इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही चिपवरच्या नावाच्या चिठ्ठ्या नखाने सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. मन थंडगार झालं होतं.

सरांनी थोरलीच्या नावाची चिप लावली. वळण आलं. बुडबुडा!

मग धाकटीच्या नावाची लावली. सात मिनिटं. पट्टे एकदम स्वच्छ.

थोरलीने दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचून बघितल्या. चिप बदलली तरी नशीब बदलेना! तेवढ्यात धाकटीलाच रडू फुटलं.

"सर, मी लबाडी केली. ताई रोज खट्टू होतात, मला बघवेना. म्हणून सकाळीच मी चिठ्ठ्या बदलल्या. माझी चिप त्यांना दिली. म्हणजे आत्ता अडकली ती माझी आणि पळाली ती ताईंची!"

थोरलीने मनातल्या मनात मोजलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चिठ्ठ्या पुन्हा जिथल्या तिथे. पदरात पडलेली चांगली चिप तिने स्वतःच परत केली होती.

सर मात्र थोरलीवर खूश. "अहो, चिप फक्कड आहे तुमची! चालवताना तेवढी घाई करता. उद्या सकाळी लवकर या, तुमच्याच साच्यातून आणखी दहा ओता. पाहुण्यांना देऊ."

संध्याकाळी घरभर बातमी झाली. "थोरली पहिल्यापासूनच हुशार," सासूबाई तिला वाढता वाढता म्हणाल्या.

धाकटीने पाण्याचा पेला जरा आपटूनच ठेवला. "ताई, त्या वळणावर असं काय केलंत हो तुम्ही?"

तो आंबट सूर थोरलीने लगेच ओळखला. सहा महिने तो तिच्याच गळ्यात होता. खरं सांगायलाच हवं होतं, नाहीतर सकाळी दहाच्या दहा चिप बुडबुडे काढणार. तिने तोंड उघडलं.

"अगं, जेवू दे तिला निवांत," सासूबाई धाकटीवर डाफरल्या. "किती दमलीय ती!"

"जेवण झालं की सांगते," थोरली म्हणाली, आणि जन्मात कधी नव्हे इतकी सावकाश जेवली.