धुऱ्यावर फोमचे जोडे

“डोमन्या, पायाले कान असतात रे! जमिनीचं आयकत चाल.” माय जाऊन वीस वर्षं झाली, तरी धानाच्या बांधीत पाय टाकला की डोमनलालला तिचा आवाज यायचाच. त्या सकाळी मात्र आला नाही. यायला वाटच कुठं होती! पोरानं, खुमेंद्रनं, नागपूरहून आणलेले जोडे पायात होते. तळाला चार बोटं जाड फोम.

अंगणात डोमनलाल एक पाऊल टाकी नि थबके. “रिंकीची माय, जमीन कुठी गेली वो? ढगावर चालून राहिलो मी!” पन्नास वर्षं ढेकळं तुडवलेले पाय, त्यांच्याखाली आता जणू कापूस पिंजून ठेवलेला! त्याचे डोळेच भरून आले.

“अंगणातच चाला. धुऱ्यावर कायले?” त्याची बायको सुखवंता म्हणाली.

“पाहुण्यायले याच जोड्यानं वावर दाखवतो. एक शिंतोडा उडला तर माहं नाव बदलजो!”

पाहुणे म्हणजे आमगावचे चुन्नीलाल. त्यांच्या मुलाला डोमनलालची पोरगी रिंकी पसंत होती, आणि रिंकी तर त्याचं नाव निघालं की चुलीवरचा भात विसरायची. राहिलं होतं ते एवढंच : होणाऱ्या व्याह्यांनी वावर पाहून ‘हो’ म्हणायचं.

धानाची रोवणी नुकतीच आटोपलेली, बांध्यांत चिखलपाणी. दोन बांध्यांमधल्या वीतभर रुंद, मातीच्या धुऱ्यावर पुढे डोमनलाल, मागे चुन्नीलाल, शेवटी खुमेंद्र.

धुऱ्याची कड खेकड्यांनी आतून पोखरली होती. अनवाणी अंगठ्याला ते टेकताक्षणी कळलं असतं. फोमला काय कळणार! उंच जोडा कलंडला, घोटा कटकन आत वळला, आणि डोमनलालनं हाती लागेल ते धरलं. हाती लागला व्याह्यांच्या गळ्यातला दुपट्टा!

फच्चाक! दोन बगळे उडाले. हिसक्यानं आधी व्याही तोंडावर, मग डोमनलाल त्यांच्या पाठीवर!

घोटा बघता बघता कोहळा झाला. पण डोमनलाल ओरडला ते वेगळंच, “गेली माह्या पोरीची सोयरीक!”

चुन्नीलाल उठले. तोंडातला चिखल जरा घोळवला, मग थुंकले.

“माती जोरदार आहे हो भाऊ! कायले रडता? वावर पाहून झालं, चाखूनबी झालं. सोयरीक पक्की!”

खुमेंद्रनं वाकून बापाचा जोडा काढला. रुंद पंजा, झाडाच्या मुळांसारखी फाकलेली बोटं. तो बघतच राहिला. मग खाली मान घालून पुटपुटला, “बाबा... याच जोड्यानं माहा घोटा दोनदा मुरगळला. दुकानवाला वापस घेत नव्हता. म्हणून तुमाले देल्ले.”