शंकर पेंटरच्या अपहरणाचा तपास

दिवाकरराव देशकरांच्या मते रायपुरात डोकं असलेली माणसं मोजकीच होती, आणि त्यांतही नजर असलेला माणूस एकच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची हयात गेली. हरवलेली पार्सलं आपल्या नुसत्या दराऱ्यानं परत येत, असं ते सांगत. ती पुढच्या गाडीनं येत, हे त्यांच्या बायकोला, मंदाकिनीबाईंना, चांगलं ठाऊक होतं. पण तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. बिचाऱ्यांना घरात शांतता हवी होती.

सध्या मात्र त्यांना भिंतींना रंग हवा होता. नागपूरची थोरली बहीण कुसुमताई येणार होती. रायपूरला मुलगी दिली म्हणजे जंगलात दिली, असं तिनं भर मांडवात म्हटलं होतं आणि पुढे दर दिवाळीला आठवणीनं म्हणत आली होती. आता रायपूर राजधानी झालं, तेव्हा बाईसाहेब पाहायला निघाल्या. एकदा तरी आपलं घर पाहून तिनं नाक मुरडू नये, एवढीच मंदाकिनीबाईंची इच्छा. म्हणून शंकर पेंटर ठरवला. त्यानं बैठकीच्या भिंती खरवडल्या, शिडी आणि डबे तिथंच ठेवले, उद्या येतो म्हणाला आणि आला नाही.

झालं. दिवाकररावांच्या अंगात आलं.

मंत्र्यांच्या नव्या बंगल्यांना माणसं कमी पडतात, सबब पेंटर पळवला गेला, हा पहिला निष्कर्ष. फाटकापाशी चिखलात गोल गोल खड्डे दिसले, तेव्हा दुसरा: पळवणाऱ्याचे दोन्ही पाय लाकडाचे. तेवढ्यात पाऱ्यातली, म्हणजे आळीतली, पोट्टी गेडीवर, त्या बांबूच्या उंच पायांवर, चढून टकटक करत त्यांच्या नाकासमोरून गेली. तपासात अडथळा आणता म्हणून दिवाकररावांनी त्यांना हाकलून दिलं.

शंकरच्या घरी जाऊन विचारू या, असं मंदाकिनीबाईंनी सुचवलं. संशयिताला सावध करायचं नसतं, असं उत्तर मिळालं. सकाळी पळवला गेलेला पेंटर संध्याकाळपर्यंत संशयित झाला होता.

"शिडी आपल्या घरात आहे ना? तो ती न्याले येईनच," दिवाकरराव म्हणाले. "घर बंद दिसलं का तो कुलूप तोडीन. अन् मी त्याले धरीन."

मग पुढच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप लागलं. घरातली ये-जा स्वयंपाकघराच्या दारानं सुरू झाली. दिवाकरराव काठी घेऊन बैठकीच्या पडद्याआड बसले. चहा तिथंच, जेवण तिथंच. ताई यायची वेळ जवळ येत चालली आणि भिंती तशाच. मंदाकिनीबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

एके सकाळी पडद्याआडून हाक आली. "ये लवकर. आज साथीदारीण घेऊन आला."

"आज म्हणजे?"

"रोज येऊन राहिला तो. कुलूप पाहते अन् चालला जाते. पक्का मुरलेला आहे."

मंदाकिनीबाईंनी कपाळावर हात मारला आणि खिडकीतून पाहिलं. पायरीवर शंकर बसला होता. शेजारी काळा चष्मा, मोठी बॅग, एक दिवस आधीच आलेली कुसुमताई. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या.

त्या धावतच मागून गेल्या आणि दोघांना स्वयंपाकघरातून आत घेऊन आल्या. शंकरचा खुलासा साधा होता. पहिल्यांदा आला नाही तेव्हा हरेलीचा सण होता. त्या दिवशी औजारांची पूजा करतात, त्यांना कामाला लावत नाहीत. अख्ख्या छत्तीसगडला ते माहीत होतं, तपास अधिकारी सोडून. आणि नंतर?

"रोज आथंव, दीदी. तारा लगे रहिथे."

येऊन येऊन कुलूपच दिसलं तर त्यानं तरी काय करावं?

कुसुमताई बैठकीत उभी होती. खरवडलेल्या भिंती, शिडी, डबे, आणि पडद्यात काठी धरून भावजी. मंदाकिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईनं भिंतींकडे पाहिलं. मग भावजींकडे बराच वेळ पाहिलं.

"भिंतींचं काय, होऊन जाईन, मंदे," ती बहिणीला जवळ घेत म्हणाली. "पण ह्यांच्यासंग तीस वर्षं काढली तू?"

तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मंदाकिनीबाईंना रडू फुटलं, ते आवरेचना.

दिवाकररावांनी लांबूनच बायकोचे डोळे न्याहाळले आणि निदान केलं, की चुन्याची धूळ गेली असणार.