बेचाळीस मिनिटांची फितुरी

श्री. जो कोणासाठीं थांबत नाहीं त्या काळपुरुषास साष्टांग दंडवत. शके १९१९, ईश्वरनाम संवत्सरे, वैशाखमासीं एका राज्यांत वेळेवरून बखेडा जाहला, त्याची हकीकत ऐसी कीं, तेथील महाराज थोर दयाळू, परंतु भुकेस हळवे. बारास दरबार उठावा आणि ताट वाढावें हा शिरस्ता. आणि स्वारी दरबारीं येईल तेव्हांच दहा वाजले ऐसें समजावें हा वडिलोपार्जित रिवाज. मग भूक लवकर लागे म्हणोन स्वारी लवकर येऊं लागली, आणि दिवाणसाहेब आपल्या संगणकाचें घड्याळ रोज स्वारीवरून लावूं लागले. चिटणीस भिवराव मात्र आपल्या संगणकास कोणाचा हात लागूं देत नसत. एके दिवशीं दिवाणांनीं संगणकावरून हुकूम धाडिला, त्यावर वेळ उमटली अकरा पन्नास. आणि चिटणिसांनीं तत्काळ उत्तर धाडिलें, त्यावर वेळ उमटली अकरा अकरा. दिवाण कडाडले, "हुकूम सुटण्याआधीं उत्तर! आमच्या मनांतलें यास कोण कळवितो? हा फितूर आहे!" मग चिटणिसांस चौकींत बसविलें आणि दुसरे दिवशीं दरबार उठतांच किल्ल्यावर कैदेस धाडावें ऐसें ठरलें.

राज्यांतील घड्याळें राखणारे विसाजीपंत हे चिटणिसांचे लहानपणचे स्नेही. त्यांचा जीव कासावीस जाहला. "भिवबा, तुझ्या पोटांत तीळ भिजत नाहीं, तूं कसली फितुरी करतोस!" ऐसें बोलोन पंत कोठीकडे धांवले. तेथें दोन रेडिओकार्डें दोन वर्षें मोहोरबंद पडलीं होतीं. कारण उघडण्याचा मुहूर्त साधावा, तर राज्यांतील दोन घड्याळें जुळत नव्हतीं. पंतांनीं मुहूर्त न पाहतां मोहोर फोडिली, एकेक कार्ड एकेका संगणकाच्या पोटांत बसविलें, आणि तारा छपरावर चढविल्या. मग दूरच्या मनोऱ्यावरून रेडिओनें जी खरी वेळ येते ती कार्डांनीं धरिली, आणि दुसरे दिवशीं दरबार उठण्याच्या सुमारास, भर दरबारांत, चिटणिसांचें घड्याळ जागचें हललें नाहीं, दिवाणांचें मात्र बेचाळीस मिनिटें मागें सरलें.

"यंत्र बिघडलें!" दिवाण बोलिले.

पंत पुढें सरले आणि हात जोडून म्हणाले, "यंत्र धडधाकट आहे, महाराज. हुकूम खरा अकरा आठास सुटला, उत्तर अकरा अकरास गेलें. दिवाणसाहेबांचें घड्याळ पुढें, कारण स्वारी पुढें."

"आणि स्वारी पुढें कशापायीं?" महाराज बोलिले.

"भुकेपायीं, महाराज."

मुदपाकखान्यांतून आमटीचा वास येत होता. महाराजांनीं विचारिलें, "म्हणजे बारा वाजले नाहींत?"

"बेचाळीस मिनिटें आहेत, महाराज."

महाराजांनीं मोठा सुस्कारा सोडिला आणि आज्ञा केली, "चिटणिसास सोडा." मग पंतांकडे वळोन बोलिले, "त्या कार्डास पोट नाहीं, त्यास खरें बोलणें सोपें. तुम्हांस पोट आहे, बायकामुलें आहेत, तरी बोललात. या, आमच्या शेजारीं बसा. आतां बारा वाजेतों दोघेही उपाशी."

येणेंप्रमाणें चिटणीस सुटले, यंत्रें एकमत जाहलीं, आणि आमटी निवाली. इतकीच हकीकत.