घड्याळजींची उजवी भुवई

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालातली गोष्ट. घड्याळजींची एकुलती एक मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात तीन महिने डोंगरात तंबू ठोकून राहण्याचा हुकूम तिच्या हातात पडला. खात्याने तिला झोपायची पिशवी, एक शिट्टी आणि फिरतीवरचा गॅसचा स्टोव्ह दिला. स्टोव्ह म्हणजे तांब्याएवढा डबा आणि त्याच्या डोक्यावर पिळून बसवलेला बर्नर. सोबतच्या कागदावर वडिलांची सही हवी होती. सोमवारी सकाळी सातला जीप येणार होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घड्याळजी म्हणाले, आधी स्टोव्ह पेटवून बघू, मग सही.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. कुठलीही वस्तू हाती आली की कानाशी नेऊन हलवायची, ही त्यांची तपासणी. औषधाची बाटली, टॉर्च, कुलूप, काही सुटत नसे. एकदा त्यांनी शेजारणीचं तान्हं बाळ उचललं तेव्हा त्यांच्या बायकोने धावत जाऊन ते हातातून काढून घेतलं होतं.

तसाच त्यांनी डबा कानाशी धरून चांगला खळखळवला, भरलेला असल्याचा निकाल दिला आणि ओट्यावर ठेवून काडी लावली. भक्कन हातभर पिवळी ज्वाळा उठली. घड्याळजी मागे सरले ते थेट पिठाच्या डब्यावर बसले. चिमणीने धावत जाऊन चावी बंद केली.

घड्याळजींनी डोळ्यावरून बोट फिरवलं, आरशात पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं.

"इथे भुवई होती ना गं?"

"सकाळपर्यंत तरी होती," बायको म्हणाली.

मग वरच्या मजल्यावरच्या बंबवाल्या काकांना बोलावणं गेलं. तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेला माणूस, त्याला आगीचं काय विशेष. त्यांनी बर्नर उघडला, वायसर पुसला, भोकात सुई घातली, बर्नर पुन्हा बसवला आणि डबा आडवा-तिडवा करून पाहिला. आत काही सुटलंय का म्हणून घड्याळजींनी तो मागून घेऊन पुन्हा कानाशी हलवला. काडी लावली. या खेपेला खिडकीचा पडदा गेला. चिमणीने तो ओढून मोरीत टाकला आणि वर बादली ओतली. बंबवाले काका भिंतीला पाठ लावून पांढरेफटक उभे होते.

"काका, तुम्ही तर दलातले," घड्याळजी म्हणाले.

"मी गाडी चालवायचो हो. विझवायला दुसरे असायचे."

पुन्हा स्टोव्ह उघडला गेला, पुन्हा हलवला गेला आणि पुन्हा भडकला. घड्याळजींनी सहीचं पेन खिशात परत ठेवलं. असल्या भुताबरोबर मुलीला पाठवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्यांच्या बायकोला मात्र दुसऱ्याच भडक्याला सारं उमगलं होतं. डबा हलवला, आडवा केला की आतला पातळ गॅस नळीत चढतो आणि उसळतो, एवढं कळायला खात्यात नोकरी लागत नाही. ती सांगायला तोंड उघडणार, तोच तिच्या मनात आलं, की न सांगितलं तर पोरगी घरी राहील. तिने तोंड मिटलं आणि भिंतीवरची काजळी पुसायला घेतली. आयुष्यात तिला स्वतःचाच एवढा धक्का कधी बसला नव्हता.

चिमणी रडली नाही, भांडली नाही. पिशवीतले कपडे एकेक काढून ती कपाटात परत लावू लागली. मोजे तेवढे हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. ते आईला बघवेना.

तिने स्टोव्ह उचलून ओट्यावर सरळ उभा केला. "दहा मिनिटं याला कुणी हात लावायचा नाही. कान तर मुळीच नाही."

घड्याळजी घड्याळ धरून बसले. दहा मिनिटांनी तिने काडी लावली. निळी, बोटभर, शहाणी ज्योत लागली. तीन भडक्यांनी झाला नसेल एवढा चकित घड्याळजींचा चेहरा त्या ज्योतीने झाला. एकच भुवई वर गेली, कारण एकच शिल्लक होती. त्यांनी मुकाट्याने सही केली.

बंबवाले काका दोन महिने दलातल्या गोष्टी सांगायचे थांबले, मग पुन्हा सुरू झाले. घड्याळजींची भुवई उगवली ती पांढरीशुभ्र, आणि गिऱ्हाइकांना ती दाखवण्यात त्यांची शेवटची नऊ वर्षं मजेत गेली. चिमणी खात्यात मोठी अधिकारी होऊन निवृत्त झाली.

तिचं डोंगरातून आलेलं पहिलं पत्र तिच्या आईने घड्याळजींना मोठ्याने वाचून दाखवलं होतं, शेवटच्या ओळी तेवढ्या गाळून. त्या अशा होत्या: "आई, दुसऱ्या भडक्याला तुला कळलं, तसं मलाही कळलं होतं. तू बोलतेस का, ते बघत होते. तू गप्प राहिली असतीस, तर मीही गप्प राहून घरी थांबले असते."