तरंगण्याचे उद्दिष्ट

शिक्षणात शिकण्यापेक्षा, आपण काय शिकणार आहोत हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे, याबद्दल जाणकारांत आता दुमत उरलेले नाही. (ज्यांचे होते, त्यांची बदली झाली.)

शाळेच्या तलावावर पोहणे शिकवणाऱ्या बाईंना हे फार उशिरा कळले. वर्षानुवर्षे त्या मुलांना नुसतेच पाण्यात उतरवत आणि वर काढत. मुले पोहायला शिकत, पण आपण नेमके काय साध्य केले याचा बिचाऱ्यांना पत्ताच नसे.

यंदा मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतले. "उद्दिष्ट लिहून द्या. मुलांना कळेल, पालकांना कळेल, असं." बाईंनी दुपारभर डोके खाजवून लिहिले, 'सत्राअखेर विद्यार्थी आधाराविना पाण्यावर तरंगेल', आणि पालकसभेत वाचून दाखवले.

वकील असलेले एक बाबा उठले. "आधाराविना म्हणता, बाई. पण पाण्याचा आधार तर असणारच ना? त्याचे मार्क कापणार का?"

सभेला मुद्दा पटला. मग एका हिशेबनीस बाबांनी विचारले, मुलाचा किती भाग वर आणि किती पाण्यात?

"नाक वर असलं की झालं," बाई म्हणाल्या.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ज्याच्या त्याच्या हौसेवर."

हे उत्तर इतिवृत्तात 'असमाधानकारक' म्हणून गेले. एका आईने तर डोळ्यांत पाणी आणून विचारले, की 'तरंगेल' असे ठामपणे म्हटल्याने मुलावर दडपण नाही का येत? (त्या महिन्यात मुलांच्या संदर्भात निघालेले तेवढेच पाणी.)

उद्दिष्ट पुरते स्पष्ट होण्याआधी मुलांना पाण्यात उतरवणे हा बालकांवर अन्याय ठरेल, असे परिपत्रक निघाले. तेव्हापासून मुले पोहण्याचे कपडे घालून, टोप्या चढवून काठावरच्या बाकांवर बसू लागली आणि एका सुरात उद्दिष्ट म्हणू लागली. पुढे उद्दिष्टाला उपउद्दिष्टे फुटली. शेवटी 'तरंगेल' जाऊन 'तरंगण्याविषयी आत्मविश्वासाने बोलू शकेल' आले, तेव्हा कुठे पालकांचा जीव भांड्यात पडला. पाहणीत शहाण्णव टक्के घरांनी 'अतिशय स्पष्ट' असा कौल दिला. उरलेल्या चार टक्क्यांत एक आजोबा होते. "अहो, पोरांना पाण्यात सोडा की!" असे त्यांनी कळवले होते. (उत्तर विषयाला सोडून असल्याने बाद.)

बाईंचा जीव मात्र एका पोरीत अडकला होता. तिला सगळे मुंगी म्हणत. एवढीशी, नदीकाठच्या वस्तीत राहणारी, आणि बादलीत हात घालतानाही डोळे मिटणारी. सत्र संपायच्या आत हिने एकदा तरी तलावाची शिडी सोडावी, एवढेच बाईंना हवे होते. म्हणून मधल्या सुट्टीत, परिपत्रक गुंडाळून ठेवून, त्या तिला पाण्यात उतरवू लागल्या.

"शिडी सोड."

"नको ना बाई. माझं उद्दिष्ट अजून पाठ नाही झालं."

"मरू दे ते. पाय झाड."

बाईंचा डबा रोज भरलेलाच घरी जाई. एके दिवशी शिडी सुटली. मुंगी हातभर पुढे गेली, पाणी प्यायली, खोकली, आणि म्हणाली, "परत!" बाई काठावर बसून रडल्या. (कोणत्याच उपउद्दिष्टात बसत नसल्याने याची नोंद नाही.)

समारोपाला पालक खुर्च्यांवर बसले. मुलांनी खणखणीत आवाजात उद्दिष्टे म्हटली. टाळ्या थांबेनात. मुंगीची पाळी आली आणि तिला पहिल्या वाक्यापुढचे काही आठवेना. तिने बाईंकडे पाहिले, नाक धरले, पाण्यात उडी मारली आणि पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेली.

"छान," परीक्षक म्हणाले. "पण आत्ता तू नेमकं काय साध्य केलंस, बाळ?"

मुंगीचे दात वाजत होते. "टॉवेल द्या ना."

शेरा पडला: 'अस्पष्ट. सत्र पुन्हा करावे.'

"अहो, ती पोहली की!" बाई कळवळून म्हणाल्या.

"बाई, वाटेल ते करून दाखवणं म्हणजे शिक्षण नव्हे," मुख्याध्यापिकांनी मायेने समजावले.

त्याच सभेत सहलीची घोषणा झाली. मोठे सरोवर, होडीतून फेरफटका. सुरक्षेचा प्रश्न असल्याने फक्त पोहता येणारी मुले न्यायची. "ज्यांच्या पाल्याला पोहता येतं, त्यांनी हात वर करा."

मुंगीच्या बाबांनी शेरा पुन्हा एकदा वाचला आणि हात मांडीवरच ठेवला. बाकीचे सगळे हात वर गेले. बाई खुर्चीवर उभ्या राहून काहीतरी ओरडून सांगत होत्या, पण गलक्यात कुणाला ऐकू गेले नाही. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही पहिल्याच रांगेत होतात. एक हात वर होता, आणि दुसऱ्या हाताने तुम्ही पोराचा फोटो काढत होतात.