चालवण्याची परवानगी

अग्नी आणि चाक यांच्यानंतर मानवाने लावलेला तिसरा मोठा शोध म्हणजे परवानगी. चाकामुळे माणूस पुढे जाऊ लागला आणि परवानगीमुळे तो थांबायला शिकला. (यातलं दुसरं काम अधिक अवघड आहे. कुठल्याही कचेरीच्या बाकावर बसलेल्यांना विचारावं.)

अधीक्षकांनी उभी हयात या शोधाची सेवा केली. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्याकडे कुणी काही मागायला येईना. दूधवालासुद्धा न विचारता पिशवी अडकवून जाई. अशा पडत्या काळात सुट्टीवर आलेल्या मुलाने घरच्या रखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स नावाची फुकटातली यंत्रणा चढवली आणि "बाबा, शिका हळूहळू, वेळ जाईल," असं म्हणून तो आपल्या नोकरीवर परतला.

काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं पाहून नवशिक्याची छाती दडपते म्हणतात. अधीक्षकांची भरून आली. इथे प्रत्येक फाइलला मालक होता, मालकाला गट होता, आणि उरलेलं जग 'इतर' या सदरात पडत होतं. वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन परवानग्या तिघांना वेगवेगळ्या द्यायच्या होत्या, किंवा (हे अधिक महत्त्वाचं) द्यायच्या नव्हत्या. सगळ्यांच्या डोक्यावर 'रूट' नावाचा एक अधिकारी, ज्याला जाब विचारणारं कुणी नाही. तो अधिकार मुलाने भाबडेपणाने बापाच्या हाती दिला होता.

पहिली सुधारणा घरातूनच झाली. त्यांची पत्नी प्रसूतिगृहात परिचारिका होती. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणे, आणि चारचौघांत अधीक्षकांनाही तेच म्हणावं लागे. ती त्याच कॉम्प्युटरवर आपल्या नोकरीच्या आठवणी लिहीत होती आणि सोमवारी पुस्तक प्रकाशकाकडे द्यायचं होतं. एका सकाळी तिला शेवटच्या प्रकरणात एक ओळसुद्धा घालता येईना.

"अहो, हे लिहू का देत नाही?"

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं तर. मालक मी, तू गटात आहेस. गटाला वाचण्याची मुभा आहे."

अशा रीतीने सिस्टरला स्वतःच्या आठवणी वाचता येत होत्या, बदलता येत नव्हत्या. (विवाहित स्त्रियांपैकी बहुसंख्यांना ही सोय कॉम्प्युटरशिवायही उपलब्ध असते.)

"मी रीतसर मागितलं तर?"

"विचार करता येईल."

विचार चालू असतानाच दुसरी सुधारणा झाली. यंत्रातल्या याद्या वाचताना अधीक्षकांना दिसलं की हजारो फाइलींना 'चालवण्याची' परवानगी आहे. कुणी दिली? कुठल्या बैठकीत? त्यांनी चष्मा पुसला आणि रूटच्या अधिकारात एकच आज्ञा सोडली: वरपासून खालपर्यंत सर्वांची चालवण्याची परवानगी रद्द, गरजूंनी नव्याने अर्ज करावा.

यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. इतका आज्ञाधारक हाताखालचा माणूस अधीक्षकांना नोकरीत कधी लाभला नव्हता.

मग त्यांनी पहिल्या गरजू फाइलीला परवानगी द्यायचं ठरवलं. उत्तर आलं: परवानगी नाही. पुन्हा तेच. परवानगी देणारी आज्ञा ही स्वतःच एक फाइल होती आणि तिचीही चालवण्याची परवानगी रद्द झाली होती. ती परत द्यायची तर तिलाच चालवावं लागणार होतं. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, तर तो सुरूच होईना.

प्रशासनाच्या इतिहासात इतकी निर्दोष अवस्था क्वचितच गाठली गेली असेल. पण त्या अवस्थेच्या पोटात सिस्टरचं पुस्तक होतं.

ती ओरडली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "अडलेल्या बाईला मी कधी विचारलं नाही हो, की परवानगी कुणाची आणलीस."

 त्यांनी मुलाला फोन लावला.

"सोपं आहे," मुलगा म्हणाला. "मी ठेवलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. आतली डिस्क दिसेल, हवं ते उचला."

"आणि परवानगी कुणाची घ्यायची?"

"कुणाचीच नाही. बाहेरून आलेल्याला आतले नियम लागत नाहीत."

अधीक्षकांनी हे वाक्य मुलाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

त्यांनी पेनड्राइव्ह खुपसला, मुलगा सांगेल तसं एकेक अक्षर टाइप केलं, आणि पुस्तक सुखरूप बाहेर काढलं. सिस्टरने सवयीने आधी ते नीट आहे ना ते तपासलं. मग अधीक्षकांनी सगळी यंत्रणा नव्याने चढवली. मुख्य वापरकर्त्याचं नाव विचारणारा चौकोन आला, तेव्हा ते उठले आणि सिस्टरला म्हणाले, "बस इथे."

पुस्तक सोमवारी गेलं. अधीक्षकांना आता स्वतःपुरतं एक खातं आहे. जास्तीचं काही हवं असल्यास ते सिस्टरला विचारतात, आणि ती विचार करते.

वाचक इथे हसला असेल. जरूर हसावं. फक्त एवढंच, की अधीक्षकांनी परवानग्या काढल्या त्या निदान यादी वाचून. आपल्या मोबाइलवरच्या विजेरीच्या ॲपने परवा फोटो, फोनबुक आणि माइक मागितला, तेव्हा आपण काय वाचून 'हो' दाबलं होतं?