शालनअक्काचं पोट

माझ्या सख्ख्या बहिणीने मला फसवलं. पोटाच्या ऑपरेशनसाठी वर्षभर मला दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायला लावल्या आणि ऐन वेळी पलंगावरून उठून, साडी नेसून मोकळी झाली.

शालनअक्का मिरजगावला दिलेली. मूलबाळ नाही, पण पोट असं की अनोळखी बाईनेही हमखास विचारावं, "कितवा?" दुसरी एखादी रडली असती. अक्का गरजेप्रमाणे महिना सांगायची. बाजारात आवळे दिसले की तिसरा, एसटीत गर्दी असली की नववा. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, मागल्या दिवाळीतबी नववाच हुता की!"

"तुझी गाडीच लई हळू चालती. पोर तरी काय करंल?"

घरातलं कुणी बोललं तर मात्र तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "पोट हाय, पाटी न्हाई वाचायला."

पुढे गुडघे दुखायला लागले, पोटाच्या घडीखाली चट्टे उठले. तेव्हा मी तिला नगरला नेलं. पुण्याचे एक डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा यायचे. पोट कापून सपाट करतात, असं मी ऐकलं होतं. केडगावात जुन्या पोत्यांचा धंदा मी एकट्याने उभा केलाय. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

"किती किलो काढाल?" मी विचारलं.

"हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाहीच," डॉक्टर म्हणाले. "आधी वजन उतरवा, उतरलेलं टिकवा. मग लोंबणारी कातडी काढतो, आतले स्नायू आवळतो. वजन पुन्हा वाढलं तर सगळं वाया."

"पंधरा तरी काढा. लांबून आलोय."

अक्काने कोपर मारलं. "गप, नान्या. कांदं हायेत का?"

माझं डोकं तापलं. "म्हणजे माल आम्हीच उतरवायचा आणि तुम्ही नुसतं रिकामं पोतं शिवणार?"

"अगदी बरोबर," डॉक्टर हसून म्हणाले.

अक्काने माल उतरवला. गोड चहा सुटला, तिसरी भाकरी सुटली. सोलापूर रस्त्याने ती पहाटे इतकी चालायची की ट्रकवाले ओळखून हॉर्न द्यायचे. तोंड उतरलं, दंड वाळले. पोटाची कातडी तेवढी लोंबत राहिली, ती निऱ्यांत खोचून घ्यायची. आता एसटीत कुणी "कितवा" विचारीना. अक्का उभ्याने प्रवास करायची आणि कुणाशी बोलायची नाही.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर पेनाने तिच्या पोटावर खुणा करत होते. मी पडद्याबाहेर होतो.

"ह्या पांढऱ्या रेघा?" अक्काचा आवाज आला.

"बेंबीखालच्या ना? त्याही जातील कातडीबरोबर."

"समद्या?"

"सगळ्या. एक राहणार नाही."

थोड्या वेळाने पडदा सरकला. अक्का साडी नेसून उभी. "चल घरी."

मी दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टरांना बोललो, नर्सला बोललो, तिला तर वाट्टेल ते बोललो. ती स्टँडवर आली. बाकावर बसली आणि म्हणाली, "मला पोरगी झालती, नान्या. तू बारका हुतास, तुला कुनी सांगितलं न्हाई. मी बेसुद हुते. सुदीवर आले तवर तिला पुरून आल्ते. तोंडबी दावलं न्हाई. कुठं पुरली इचारलं, तर म्हनले, बायकांनी इचारू नी. ती हुती, ह्याची खूण म्हनून ती पोटात असताना उठलेल्या ह्या रेघाच हायेत माझ्यापाशी. त्या कशा देऊ?"

मिरजगावची गाडी लागली. ती चढली. मी तिची पिशवी धरून तसाच खाली उभा.

अक्काचे सासू-सासरे वारले. जागा ठाऊक असलेले राहिले एकटे दाजी. दाजी, हे तुमच्या हाती पडेल असंच मी लिहितोय. चिमुकलं गाठोडं घेऊन तुम्हीच गेला होतात ना? ओढ्याकडे नेलंत की बांधावर? मला सांगू नका. अक्काच्या हाताला धरा, तिला तिथे घेऊन जा आणि दाखवा, तिची पोर कुठे ठेवलीत.